हौद गल्ली, कोण उतरणार?

सिटी बस सात रस्त्याच्या थोडी अलीकडे आली, की डाव्या हाताला पिठाची गिरणी लागते. गिरणीच्या भिंतीला लागून एक बोळ आत जातो. ती आमची हौद गल्ली. तिथे बसचा थांबा नाही, कधी नव्हता. तरी महादेवीअक्का ज्या बसवर कंडक्टर असत ती बस गिरणीपाशी आली, की त्या दांडीला धरून, मान बाहेर काढून ओरडत, ‘‘हौद गल्लीऽ, हौद गल्ली कोन हाय?’’ कोणी उतरत नसे. ड्रायव्हर वेग कमी करत नसे. गिरणी मागे पडे, अक्का मान आत घेत आणि पुढचे तिकीट फाडत.

नोकरीला लागल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या बसमध्ये बसलो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. अक्का आमच्या समोरच्याच घरात राहत, पण तोवर मी सायकलवाला होतो. त्यांची हाक ऐकून मी डबा सावरत दारापाशी आलो.

‘‘बसा की. थांबा न्हाय हितं,’’ अक्का म्हणाल्या.

‘‘मग ओरडलात कशाला?’’

‘‘थांबा नसला म्हनून गल्ली नसती व्हय?’’

सात रस्त्याला उतरून मी मागे चालत घरी आलो. पुढे त्यांच्या बसमधून खूप प्रवास केला, पण ती हाक त्यांनी एकदाही चुकवल्याचे मला आठवत नाही.

आमच्या गल्लीत चित्रपट झाला त्याविषयी आता पुष्कळ सांगितले जाते. त्यातले निम्मे खरे नाही. अख्ख्या सोलापुराने मदत केली असे म्हणतात. तसे नाही, एका गल्लीने केली, आणि त्या गल्लीनेच आधी घोटाळाही केला. मी नोकरीने हिशेबनीस आहे. खात्री नसलेली गोष्ट मी लिहीत नाही. म्हणून जे माझ्यासमोर घडले तेवढेच लिहितो, आणि तेवढ्यात अक्का पुऱ्या मावतात.

अक्कांचे माहेर वळसंगचे. बोलणे मराठी, रागावणे कानडी. अंगाने उंच, कपाळावर भस्माच्या रेघा आणि खाली ठसठशीत कुंकू. नवरा लवकर गेला, तरी कुंकू त्यांनी ठेवले; एक मुलगी होती, तिला शिकवून विजापूरला दिली. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी कंडक्टरकी त्यांच्या अंगातून गेली नाही. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, देवळाच्या दारात, जिथे माणसे दाटली असतील तिथे अक्कांचा आवाज उठे, ‘‘पुढं सरका, मागं लई जागा हाय.’’ आणि खरोखरच मागे जागा निघत असे.

त्यांचे दुसरे वाक्य, ‘‘उतरनाऱ्याला आधी वाट द्या.’’ हे वाक्य त्या बसपुरते ठेवत नसत. माझी मुलगी शिकायला पुण्याला निघाली तेव्हा सुनीता, म्हणजे माझी पत्नी, तिला दारातच मिठी मारून उभी राहिली. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, मुलगी रडतेय, मी घड्याळ बघतोय. अक्का समोरून आल्या. सुनीताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘वहिनी, उतरनाऱ्याला वाट द्या की. तिचा स्टॉप आलाय.’’ सुनीता रडता रडता हसली आणि बाजूला झाली.

गल्लीला थांबा मिळावा म्हणून अक्कांनी नोकरीत असताना अर्ज केले आणि नंतरही केले. उत्तर ठरलेले असे, थांबा देण्याइतके प्रवासी नाहीत. मी एकदा स्वतः गिरणीपाशी सकाळ-संध्याकाळ उभा राहून खात्री केली. उत्तर चुकीचे नव्हते, आणि मी ते अक्कांना सांगितले.

‘‘तुमचं गनित बरोबर हाय, हिशेबनीस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गल्ली बी बरोबर हाय.’’

मग ऋतुजा आली. चित्रपटासाठी जागा शोधणे हे तिचे काम. तिशीची मुलगी, गळ्यात कॅमेरा, पायात धुळीने माखलेले बूट. गल्लीतला कोरडा हौद, त्याच्या झिजलेल्या पायऱ्या, उडालेल्या निळ्या रंगाच्या भिंती, दारांपुढचे ओटे, हे सगळे ती पुन्हा पुन्हा बघत होती. अक्कांनी तिला ओट्यावर बसवून आधी पाणी दिले, मग ताक दिले, आणि मग विचारले, ‘‘कुनाच्यात आलाव?’’

तिने सांगितले. चित्रपट विनोदी होता. दहावी नापास झालेला, मिसरूड फुटू लागलेला एक मुलगा, त्याचे दोन मित्र, आणि एका उन्हाळ्यात त्यांची होणारी फजिती. मुलाचा आवाज फुटत असतो. मोठ्या माणसांशी बोलायला गेला, की वाक्याच्या मध्येच त्याचा आवाज चिरकतो आणि सगळे हसतात.

‘‘आमच्याकडं असली पोरं लई हायत,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘गल्लीचं नाव काय घेनार पिक्चरमधी?’’

‘‘नाव नाही घेणार, अक्का. गोष्ट कुठल्याही गावची वाटली पाहिजे.’’

‘‘कुठल्याबी गावची म्हंजे कुठल्याच गावची न्हाय.’’

ऋतुजा हसली. पण अक्का हसत नव्हत्या. घर द्यायला त्यांची ना नव्हती. हिरोचे घर म्हणून अक्कांचेच घर पसंत पडले होते. त्यांनी मागितले ते एकच, पिक्चरमध्ये एकदा तरी कोणीतरी हौद गल्लीचे नाव मोठ्याने घ्यावे. चार दिवसांनी डायरेक्टर स्वतः आले. शांत, कमी बोलणारा, दाढीत पांढरे केस आलेला माणूस. त्यांच्यापुढेही अक्कांनी तेच मागितले.

‘‘बघू,’’ ते म्हणाले.

ते गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, ‘‘अर्जाला बी असंच म्हनायचे. बघू.’’

चित्रीकरण सुरू झाले. गल्लीत वायरी पसरल्या, छत्र्या उभ्या राहिल्या. अक्कांना काम मिळाले ते न मागता. कॅमेऱ्यापुढे बघ्यांची गर्दी झाली, की युनिटची माणसे ओरडून दमत. अक्का नुसता हात वर करत. ‘‘मागं सरका. मागं लई जागा हाय,’’ म्हणायच्या, आणि गल्ली मागे सरके. हिरोचे काम करणारा मुलगा मुंबईचा होता. तो अक्कांच्या घरात खोट्या आईच्या हातची खोटी भाकरी खाई आणि चित्रीकरण थांबले, की अक्कांच्या हातची खरी.

गल्लीतले निम्मे काम झाल्यावर युनिट शहरातल्या दुसऱ्या जागी गेले. किल्ल्याची भिंत, तळ्याचा काठ, स्टेशनसमोरचा रस्ता असे ठरलेले होते. ऋतुजा निघताना म्हणाली, ‘‘सोमवारी परत येतो. नंतर पैसे लावलेले मोठे लोकही येतील बघायला. पण अक्का, प्लीज, काही करू नका हं. आहे तसंच असू द्या सगळं.’’

आता इथे जे झाले ते नीट समजले पाहिजे. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा असेच म्हणतो. काही करू नका, उगाच त्रास घेऊ नका, आम्ही घरचेच. हे ऐकून जो खरोखर काही करत नाही, त्याच्या घराला पुढे तीन पिढ्या नावे ठेवली जातात. अक्कांनी ऋतुजाचे बोलणे त्याच कानाने ऐकले. गाडी सात रस्त्याकडे वळते न वळते तोच त्यांनी ओट्यावर बायकांना जमा केले.

‘‘मोठी मानसं येनार. काय करू नका म्हनून गेली बगा पोरगी. शानी हाय.’’

मला शंका आली. मी म्हणालो, ‘‘अक्का, त्यांना फोन करून विचारून घेऊ या का?’’

‘‘पाव्हन्याला विचारून घर सारवतेत व्हय कोन? सुम्म बसा.’’

‘सुम्म’ म्हणजे गप्प; अक्का कानडीवर आल्या होत्या. शनिवारी-रविवारी हौद गल्ली रंगली. निम्मी घरे पोपटी झाली, काही गुलाबी, आणि गिरणीवाल्याने आपली भिंत केशरी केली. हौदाच्या पायऱ्यांना चुना लागला. ओटे सारवले, त्यांवर रांगोळ्या निघाल्या. अक्कांचे घर, ज्याचा तो उडालेला निळा रंग बघून ऋतुजाचे डोळे चमकले होते, ते लख्ख पिवळे झाले. वयाची साठी उलटलेल्या अक्का स्वतः शिडीवर होत्या. खरे सांगतो, रविवारी संध्याकाळी गल्ली फार देखणी दिसत होती.

सोमवारी सकाळी गाड्या आल्या. ऋतुजा उतरली, दोन पावले आत आली आणि तिथेच थांबली. तिच्या हातातला चहाचा कप तिरपा झाला आणि सांडत राहिला. मागून डायरेक्टर आले. त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितले आणि हौदाच्या पांढऱ्याशुभ्र पायरीवर बसले. त्यांच्या काळ्या पँटला चुना लागला.

अक्का ओवाळायचे ताट घेऊन उभ्या होत्या. ‘‘या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आवडलं न्हवं?’’

ऋतुजाने त्यांना बाजूला घेऊन समजावले. रागावली नाही, एवढे मला आठवते. ‘‘अक्का, पिक्चरमध्ये मुलगा या दारातून पळत बाहेर जातो ना, ते आपण मागच्या आठवड्यात घेतलं. तेव्हा घर निळं होतं. आता तो परत येणार, तर घर पिवळं. बघणारा म्हणेल, हा कुणाच्या घरात शिरला?’’

‘‘मग खरडून काढू की रंग.’’

‘‘तो जुना रंग परत कसा येईल? तो उन्हापावसानं झालेला होता.’’

‘‘मग?’’

‘‘मग दुसरीकडं सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल. बार्शीला एक गल्ली बघून ठेवलेली आहे.’’

अक्कांनी ताट ओट्यावर ठेवले. मी इतकी वर्षे त्यांना ओळखतो, पण त्यांचा चेहरा तसा पडलेला मी फक्त तेव्हा पाहिला. नाव घेतले जाणार होते की नाही हे ठरायचे होते. आता गल्लीच जाणार होती, आणि घालवणाऱ्या त्याच होत्या. गल्लीतल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. गिरणीवाला आपल्या केशरी भिंतीपुढे असा उभा राहिला, की जणू तो स्वतःच्या अंगाने ती झाकणार होता.

‘‘बार्शीला,’’ अक्का हळू म्हणाल्या. ‘‘हौद गल्ली सोडून बार्शीला.’’

थोडा वेळ त्या स्वतःच्या पिवळ्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला आणि सरळ डायरेक्टरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

‘‘साहेब, त्या पोराला बहीन हाय न्हवं पिक्चरमधी?’’

‘‘आहे.’’

‘‘लग्नाची हाय?’’

‘‘शिकतेय. का?’’

‘‘शिकू द्या की. शिकलेलीचं लगीन होत न्हाय व्हय? तिचं लगीन ठरलं म्हना. लगीन ठरलं की घर रंगवतेत. काल निळं हुतं, आज पिवळं हाय. का? तर लेकीचं लगीन हाय. बगनाऱ्याला सांगायला बी नको.’’

डायरेक्टरांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांनी भिंत नीट बघितली. ‘‘तुमचं घर रंगलं हे ठीक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण सगळी गल्ली का रंगली?’’

‘‘हौद गल्लीत एका घरचं लगीन नसतंय, साहेब. मांडव गल्लीत पडतोय. मांडवाला तोंड असलेली सगळी घरं रंगतेत. ह्यांना विचारा, हिशेबनिसांना. ह्यांच्या लग्नात सगळी गल्ली रंगली हुती.’’

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, ‘‘सगळी नाही. समोरच्या ओळीतली चार घरं रंगली होती. मागच्या ओळीतल्यांनी फक्त दारं रंगवली.’’

अक्कांनी माझ्याकडे असे बघितले, की बस असती तर मला भर रस्त्यात उतरवले असते. सुनीताने मागून माझा शर्ट ओढला. पण जे नव्हते ते मी कसे सांगणार?

डायरेक्टर मात्र हसायला लागले. ‘‘दारं रंगवली?’’ त्यांनी मला विचारले.

‘‘हो. तेलाच्या रंगानं. वास महिनाभर राहिला.’’

‘‘ऋतुजा,’’ ते उठत म्हणाले, ‘‘हा माणूस खोटं बोलत नाहीये. म्हणजे खरंच रंगवतात.’’ ते अक्कांच्या दारापर्यंत गेले, भिंतीला हात लावून बघितला, परत आले. ‘‘बहीण जाते,’’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘‘उन्हाळा संपताना बहीण जाते. आणि तो घरात एकटा मोठा होतो.’’ मग अक्कांना म्हणाले, ‘‘आजचा दिवस द्या मला.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवी पाने लिहून आणली. एक अर्धवट राहिलेला प्रसंग त्यांना सोडून द्यावा लागला, हेही नोंदवतो. सगळेच काही वाचले नाही. पण गल्ली वाचली. बार्शीचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

लग्नघर म्हटल्यावर दारालगतच्या भिंतीवर गणपती, कलश, केळीचे खांब आणि वधूवरांची नावे रंगवायची आमच्याकडची जुनी रीत. लग्न होऊन जाते, मुले होतात, तरी भिंतीवरची नावे फिकट होत टिकून राहतात. ही कल्पनाही अक्कांचीच. रंगवायला त्यांनी रफीकभाईंना बोलावले. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवायचे त्यांचे काम कमी झाले होते, हात मात्र होता तसाच होता.

‘‘कायकू बुलाए अक्का? किसकी शादी है?’’ त्यांनी विचारले.

‘‘वैशालीची.’’

‘‘कौन वैशाली?’’

‘‘पिक्चरमधली. नवऱ्याचं नाव महेश लिवा. चांगलं ठळक लिवा.’’

पुढचे काय लिहायचे ते अक्का त्यांच्या कानात बोलल्या. मी ओट्यावरून बघत होतो. रफीकभाई हसले आणि त्यांनी ब्रश तांबड्या रंगात बुडवला.

युनिट आले तेव्हा भिंत तयार होती. वर गणपती. खाली ‘शुभविवाह’. मग ‘चि. सौ. कां. वैशाली’ आणि ‘चि. महेश’. आणि त्याच्या खाली, वधूच्या नावाहून मोठ्या अक्षरांत, ‘हौद गल्ली, सात रस्त्यामागे, सोलापूर’.

ऋतुजाने कपाळाला हात लावला. ‘‘अक्का, गाव नाही दाखवायचंय. ठरलंय ना आपलं?’’

‘‘पत्त्याबिगर लगीन? वऱ्हाड कुटं उतरंल?’’

‘‘लोक पत्रिकेत पत्ता लिहितात, भिंतीवर नाही.’’

‘‘हितं लिवतेत,’’ अक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘हिशेबनिसांना विचारू नका.’’

युनिट हसले. डायरेक्टर भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. ‘‘पंचवीस वर्षं तुम्ही थांब्यांची नावं ओरडलात ना, अक्का?’’

‘‘जास्ती.’’

‘‘आमच्या पोराला शिकवाल?’’

असा तो शेवटचा प्रसंग तयार झाला. वऱ्हाडाची गाडी सात रस्त्याला येते, नवरदेवाचे काका विचारतात कुठे जायचे, आणि मुलाने पुढे होऊन पत्ता सांगायचा. अक्कांनी त्या मुलाला हौदाच्या पायरीवर उभे केले. तो घशातून ओरडला.

‘‘घशातनं न्हाय. पोटातनं. आन् कुनाला सांगतोस ते बग. ज्याला उतरायचं हाय त्याला ऐकू जायला पायजे, सगळ्या गावाला न्हाय.’’

दिवसभर गल्लीत दोघांचे ओरडणे चालले होते. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीतली लहान मुलेही पोटातून ओरडायला शिकली, आणि सुनीताचे डोके दुखू लागले.

चित्रपट लागला. नाव मी इथे देत नाही. गल्लीत त्याला ‘आपला पिक्चर’ एवढेच म्हणतात. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला गल्ली कुलूप लावून गेली. गिरणी बंद होती. अक्का मधल्या वाटेजवळच्या खुर्चीवर बसल्या. गर्दी झाल्यावर वाट मोकळी ठेवायची सवय. पडद्यावर निळे घर दिसले तेव्हा थोडी कुजबुज झाली. मुलाचा आवाज चिरकला, की सगळे थिएटर हसे. कॉलेजच्या मुलांना तो विशेष आवडला. मध्यंतरानंतर घर पिवळे झाले. मी मुद्दाम आजूबाजूला कान दिला. रंग कसा बदलला असे एकही माणूस म्हणाला नाही. मागच्या रांगेतली एक बाई मात्र म्हणाली, ‘‘लगीन ठरलं वाटतं पोरीचं.’’ नावे लिहिलेली भिंत पडद्यावर अजून यायची होती.

अक्कांनी ते ऐकले. त्यांनी मागे वळून त्या बाईला नुसती मान हलवली.

मग शेवट आला. सात रस्त्याचा चौक पडद्यावर दिसला तेव्हाच शिट्ट्या सुरू झाल्या. वऱ्हाडाच्या गाडीची काच खाली झाली, नवरदेवाच्या काकांनी विचारले, ‘‘कुठं जायचंय रे?’’ मुलगा पुढे आला. अख्ख्या पिक्चरभर मोठ्यांसमोर चिरकलेला तो आवाज. थिएटर हसायला तयार होऊन बसले होते. मुलाने श्वास घेतला आणि म्हणाला, ‘‘हौद गल्ली. सात रस्त्यामागं, सोलापूर.’’

आवाज चिरकला नाही. पोटातून आला, भरदार, पुरुषाचा. अख्ख्या चित्रपटात त्या मुलाचे मोठ्यांसमोर न चिरकलेले पहिले वाक्य ते, आणि ते आमच्या गल्लीचा पत्ता होता.

थिएटरात जे झाले त्याचे वर्णन मला जमणार नाही. गिरणीवाला खुर्चीवर उभा होता. ज्यांचा हौद गल्लीशी काही संबंध नाही तीही माणसे ओरडत होती. पडद्यावर वऱ्हाड उतरू लागले, बघ्यांची झुंबड उडाली, आणि त्या झुंबडीतून एक उंच बाई हात वर करून म्हणाली, ‘‘उतरनाऱ्याला आधी वाट द्या.’’ हे वाक्य लिहिलेले नव्हते. चित्रीकरणाच्या दिवशी खरोखरच गर्दी झाली म्हणून अक्का खरोखरच बोलल्या होत्या, आणि डायरेक्टरांनी ते ठेवले होते.

मी अक्कांकडे बघितले. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. मधल्या वाटेत नाचणाऱ्या पोरांना त्या हाताने बाजूला करत होत्या. एक म्हातारे गृहस्थ बाहेर पडायला बघत होते.

त्यानंतर आमच्या गल्लीत माणसे येऊ लागली. पिक्चरची जागा बघायला, हौदावर बसून फोटो काढायला. जेऊरहून एक नवे जोडपे रेल्वेने आले होते. वैशाली आणि महेशच्या नावांपुढे त्यांनी फोटो काढला. नव्या नवरीने अक्कांना विचारले, ‘‘हे दोघं असतात कुठं आता?’’

‘‘पुन्याला,’’ अक्का गंभीरपणे म्हणाल्या. ‘‘सुखात हायत.’’

जोडपे गेल्यावर मी म्हणालो, ‘‘अक्का, अशी माणसंच नाहीत.’’

‘‘मग दुखात कशाला ठेवायची?’’

पुढच्या वर्षी अक्कांचे गुडघे फारच दुखू लागले आणि मुलगी त्यांना विजापूरला न्यायला आली. घर त्यांनी विकले नाही, भाड्याने दिले, आणि भाडेकरूला एकच अट घातली, दारालगतची भिंत रंगवायची नाही. निघायच्या दिवशी सगळी गल्ली रिक्षाभोवती जमली. कोणी डबा देत होते, कोणी पाया पडत होते, सुनीता त्यांचा हात सोडत नव्हती. रिक्षा हलेना. अक्कांनी आतून हात वर केला. आम्हाला सगळ्यांना माहीत होते त्या काय म्हणणार. त्या म्हणायच्या आधीच गिरणीवाला म्हणाला, ‘‘सरका रे, उतरनाऱ्याला वाट द्या.’’

‘‘शिकलात की,’’ अक्का म्हणाल्या, आणि रिक्षा बोळातून बाहेर पडली.

यंदाची गोष्ट. ऑफिसातून परतताना गाडी पंक्चर झाली म्हणून मी बसमध्ये चढलो. तिकीट सात रस्त्याचे घेतले. कंडक्टर नवा होता, पंचविशीचा, अक्कांना त्याने कधी बघितले असणे शक्य नाही. गिरणी जवळ आली. तो दारात आला, दांडी धरली आणि म्हणाला, ‘‘हौद गल्ली, पिक्चरवाली हौद गल्ली, कोण उतरणार?’’

ड्रायव्हरने बस हळू केली. मग थांबवली. मी खिडकीतून बघितले. थांब्याची पाटी नव्हती. अजूनही नाही. मंजुरीही नाही, याची मी नंतर चौकशी करून खात्री केली आहे.

माझ्याकडे पुढचे तिकीट होते. मी उठलो, लोकांनी वाट दिली आणि मी उतरलो. बस गेल्यावर गिरणीच्या केशरी भिंतीपाशी उभा राहून विजापूरला फोन लावला.

‘‘अक्का, आज बस थांबली. आपल्या गल्लीला.’’

त्यांनी विचारले, ‘‘कोन उतरलं?’’

‘‘मीच.’’

‘‘एकलेच?’’

‘‘एकटाच.’’

‘‘चालतंय की,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘थांबा एकल्यासाठी बी असतोय.’’